लिस्बन: नकाशा पिशवीत ठेवून तीन दिवस पायी

माडाची_सावली

लेक जर्मनीत असते. जूनमध्ये मी तिच्याकडे असताना तिची लिस्बनला तीन दिवसांची परिषद निघाली. म्हणाली, "आई, तूही चल. मी दिवसभर आत असेन, तू तुझी फिर." मी सावंतवाडीची, निवृत्त शिक्षिका. शाळेच्या सहलींचं वेळापत्रक वर्षानुवर्षं मीच फळ्यावर लिहिलं. या वेळी ठरवलं की काहीच ठरवायचं नाही. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून घेतला, फोन पिशवीत तळाशी टाकला आणि निघाले.

पहिल्या तासाभरात एक गोष्ट लक्षात आली आणि तीच तीन दिवस पुरली. शहर टेकड्यांवर आहे आणि टेकड्या तेजो नदीकडे उतरतात. चढ लागला तर चढायचं. दमलं की उतार धरायचा. मधल्या खोलगट भागात उतरलात, तरी तिथले सरळ रस्ते नदीवरच जातात. आमच्याकडे रानात वाट चुकली की व्हाळ धरून खाली उतरतात, तसंच. त्यामुळे हरवायची भीती अशी वाटलीच नाही.

सुरुवात रोसियो चौकातून झाली. चौकाची फरसबंदी काळ्या-पांढऱ्या दगडांच्या लाटांची आहे, खाली बघून चालताना जमीन हलल्यासारखी वाटते. तिथून दोन पावलांवर एक साधं दिसणारं चर्च होतं, दार उघडं होतं म्हणून आत गेले. आत गेल्यावर हललेच नाही. खांब तडकलेले, दगडांचे टवके उडालेले, भिंती काळवंडलेल्या आणि वर छत मात्र नवं, तांबूस रंगाचं. हे सां दोमिंगोस. १९५९ साली आत आग लागली होती. नंतर दुरुस्ती केली तेव्हा जळल्याच्या खुणा तशाच ठेवल्या. बाकांवर आठ-दहा माणसं प्रार्थना करत होती. मी अर्धा तास बसले. यादी करून आले असते तर या चर्चसाठी दहा मिनिटंसुद्धा ठेवली नसती.

बाहेरच्या छोट्या चौकात एक स्मारक आहे. १५०६ साली याच भागात सक्तीने ख्रिस्ती केलेल्या ज्यूंची कत्तल झाली, त्यांच्यासाठी. त्याच चौकात चेरीसारख्या फळाची जिंजा नावाची दारू छोट्या पेल्यातून विकतात आणि लोक उभ्या-उभ्या घेऊन पुढे जातात. स्मारकापासून ते दुकान हाकेच्या अंतरावर.

मग चढ धरला. मोरारिया हा जुना मूर लोकांचा मोहल्ला. ११४७ मध्ये ख्रिस्ती राजाने शहर जिंकल्यावर मुसलमानांना तटाबाहेर इथे राहायला जागा दिली, म्हणून हे नाव. आज तिथे बांगलादेशी, नेपाळी, पंजाबी दुकानं आहेत. एका दुकानाबाहेर कोथिंबिरीच्या जुड्या रचलेल्या, वास थेट सावंतवाडीच्या बाजाराचा. वर ग्रासाच्या टेकडीवर पोचले तेव्हा धाप लागली होती. समोर किल्ला, खाली लाल कौलं, पलीकडे नदी. नदी कसली, खाडीच म्हणा, एवढं पात्र रुंद आहे.

पण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते शब्दांबद्दल. नकाशात डोकं नसल्यामुळे मी पाट्या वाचत चालत होते. रोमन लिपी, भाषा अनोळखी, आणि मध्येच एखादा शब्द घरचा निघायचा. किल्ल्या करून देणाऱ्याच्या दुकानावर 'शाव्ह', म्हणजे आपली चावी. बेकरीत 'पांव'. भाजीवाल्याकडे 'बताता', 'कोव्ह' म्हणजे कोबी, 'अनानाश'. वाण्याकडे 'सबांव', म्हणजे साबण. एका जुन्या वास्तूवर 'लेलांव' लिहिलेलं होतं, लिलाव! शिवणकामाच्या दुकानात 'फीता'. पैसे देणं म्हणजे 'पगार'. हे शब्द पोर्तुगीजांकडून आले हे मी वर्गात शेकडो वेळा शिकवलंय. परभाषेतून आलेले शब्द, तक्ता क्रमांक अमुक. पण ते शब्द इथे जिवंत माणसांच्या तोंडी, रोजच्या कामात, रस्त्यावर दिसले, तेव्हा अंगावर काटा आला. ज्या शब्दाने मी रोज घर उघडते, त्याचं माहेर ही गल्ली आहे.

दुसऱ्या दिवशी बाइशा, म्हणजे खालचं शहर. इथे रस्ते आखीव, एकमेकांना काटकोनात. १ नोव्हेंबर १७५५ ला सकाळी मोठा भूकंप झाला. सर्व संतांचा सण, लोक चर्चमध्ये, मेणबत्त्या पेटलेल्या. भूकंपामागून आग आणि नदीतून वर आलेली त्सुनामी. त्यानंतर पोंबालच्या मार्किसने हा भाग नव्याने उभारला. भिंतींच्या आत लाकडी चौकटींचा पिंजरा बसवला, म्हणजे पुन्हा हादरा बसला तर इमारत लवचिक राहील. रस्त्यांना धंद्यांची नावं दिली: सोन्याचा रस्ता, चांदीचा रस्ता, चांभारांचा, खोगीरवाल्यांचा, कापडवाल्यांचा, मुलामा देणाऱ्यांचा. पुण्यातली तांबट आळी आठवली. नदीकाठच्या चौकाला सगळीकडे 'व्यापार चौक' लिहिलंय, पण लोक अजून 'राजवाड्याचं अंगण' म्हणतात. तो राजवाडा १७५५ मध्येच गेला. पावणेतीनशे वर्षांनीही तोंडातून नाव गेलेलं नाही.

जून म्हणजे सेंट अँथनीचा महिना. हा संत जन्माने लिस्बनचा. गल्ल्यांवर कागदी झिरमिळ्या, दारोदार सार्डिन भाजण्याच्या शेगड्या, आणि कुंडीत गोल छाटलेलं एक बारीक पानांचं रोप, त्यात कागदी फूल आणि छोट्या कागदावर चार ओळींची कविता. नाव 'मांजेरिकू'. मी नाक जवळ नेलं, तशी विकणारी आजी "नांव, नांव" (नको, नको) म्हणाली आणि हाताने दाखवलं: आधी तळवा पानांवर ठेवायचा, मग तळव्याचा वास घ्यायचा. नाक लावलं तर रोप कोमेजतं असं मानतात. वास आपल्या सब्ज्याचा. तुळशीच्याच कुळातलं रोप ते. मी तिला खुणेने सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे हिची बहीण अंगणात असते आणि तिला रोज पाणी घालतात. समजलं की नाही कोण जाणे, पण तिने माझा हात हातात घेतला.

तिसऱ्या दिवसाचं नंतर लिहिते. तुमच्यापैकी कोणी असं न ठरवता फिरलं आहे का?

---

आखणीकर

सुंदर लिहिलंय, ताई. पण थोडा विरोध नोंदवतो. तुम्हाला तीन दिवस मोकळे मिळाले, राहण्याची सोय लेकीने केलेली. माझ्यासारखा माणूस दोन मुलं आणि वयस्कर सासूबाईंना घेऊन जातो, तेव्हा "चढ लागला तर चढायचं" चालत नाही. शिवाय बेलेंचा जेरोनिमोस मठ सोमवारी बंद असतो आणि इतर दिवशी रांग मोठी. आम्ही तिकीट आधी काढून गेलो म्हणून आत वास्को द गामाची समाधी पाहता आली. मुलाच्या इतिहासाच्या पुस्तकात १४९८, कालिकत एवढंच होतं. तो त्या दगडी पेटीसमोर उभा राहून म्हणाला, "म्हणजे तो खराच माणूस होता." त्या एका वाक्यासाठी सगळं नियोजन वसूल.

---

माडाची_सावली

@आखणीकर, हे वाचून फार बरं वाटलं. तुमचं म्हणणं मान्य. तिसऱ्या दिवशी मी १५ नंबरच्या ट्रामने बेलेंला गेले आणि मठाची रांग पाहून आत गेलेच नाही. बाहेरच्या दगडी कमानीवर दोरखंड, समुद्री वनस्पती कोरल्या आहेत, ते बघत बसले. आत जायला हवं होतं, हे आता वाटतंय. मुलं, म्हातारी माणसं बरोबर असताना आखणी हवीच. माझं म्हणणं एवढंच की त्यातला एखादा अर्धा दिवस कोरा ठेवावा.

---

तेजोकाठची

मी सहा वर्षं लिस्बनला राहते. ताई, तुम्ही मांजेरिकूचं लिहिलंत आणि मी खिडकीतल्या कुंडीवर तळवा ठेवून आले.

नकाशा न घेता फिरायचं असेल तर रस्त्याच्या नावातला पहिला शब्द वाचायला शिका. तोच नकाशा आहे. 'रुआ' म्हणजे साधा रस्ता. 'त्राव्हेसा' म्हणजे दोन रस्त्यांना जोडणारी आडवी गल्ली, पलीकडे निघते. 'बेकू' म्हणजे बोळ, बहुतेक वेळा पुढे बंद असतो, परत फिरावं लागतं. 'इश्कादिन्याश' म्हणजे पायऱ्या, गुडघे दुखत असतील तर नाव वाचूनच टाळा. 'काल्सादा' नावात असेल तर खडा चढ समजा. 'लार्गू' म्हणजे छोटा चौक, तिथे बसायला बाक आणि बहुधा सावली मिळते. 'मिरादोरू' म्हणजे उंचावरून शहर बघायची जागा. हे सात शब्द पाठ असले की अल्फामा या जुन्या भागात कोणी अडत नाही.

अल्फामाचं नावही मूळ अरबी, 'अल-हम्मा', गरम पाण्याचे झरे. भूकंपात हा भाग बऱ्यापैकी वाचला म्हणून तिथल्या गल्ल्या अजून तशाच वाकड्यातिकड्या आहेत. बाइशा आखीव आणि अल्फामा गुंतलेला, यामागे १७५५ च आहे.

आता एक कळकळीची विनंती. त्या गल्ल्यांमध्ये माणसं राहतात. गेल्या काही वर्षांत पर्यटकांना भाड्याने द्यायला घरं गेली आणि पिढ्यान्पिढ्या राहणारी म्हातारी माणसं बाहेर फेकली गेली. जी उरली आहेत त्यांच्या दोरीवरच्या कपड्यांचे, दारातल्या बसण्याचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. "बों दिया" म्हणा, उत्तर मिळतंच.

---

बावखल

वसईहून लिहितोय. मी दोन वर्षांपूर्वी लिस्बनला गेलो होतो, तेव्हा एका जागी पाय थांबले, त्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कार्मोचा मठ. १३८९ मध्ये पाया घातलेला. भूकंपात छत कोसळलं आणि मुख्य भागावर ते पुन्हा घातलंच नाही. टोकदार कमानी उभ्या आहेत आणि वर मोकळं आकाश.

मी लहानपणापासून वसईच्या किल्ल्यात खेळलो. तिथली पडकी चर्चं, बिनछताच्या भिंती, कमानीतून दिसणारं आभाळ, गवत. १७३९ ला चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, नंतर वस्ती विरत गेली, चर्चं पडली. कार्मोत उभा राहिलो तेव्हा वाटलं, ही आपलीच जागा आहे. एक भूकंपाने उघडी पडली, एक काळाने. आमच्या किल्ल्यातल्या घंटा मराठ्यांनी नेल्या, त्या आज कितीतरी देवळांत वाजतात. मी ख्रिस्ती आहे आणि मला त्या घंटा देवळात वाजतात याचं वाईट वाटत नाही, वाजतायत याचं बरं वाटतं.

मीही ठरवून गेलो नव्हतो. सांता जुश्ताच्या लोखंडी लिफ्टची रांग नको म्हणून मागच्या चढाने गेलो आणि चौकात निघालो.

---

मांडवीतीर

@बावखल, त्याच चौकात जरा खाली बघायला हवं होतं. कार्मोच्या चौकात फरसबंदीत बसवलेली एक गोल तबकडी आहे, कॅप्टन साल्गेरू मायाच्या स्मरणार्थ. २५ एप्रिल १९७४ ला तो आपल्या तुकडीसह तिथे आला. जवळच्या छावणीत पंतप्रधान मार्सेलू कायतानू लपला होता, संध्याकाळी त्याने शरणागती पत्करली. हुकूमशाही संपली. लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळीत कार्नेशनची फुलं खोचली.

मी पणजीचा. माझ्यासाठी तो चौक वेगळा आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या राजवटीने ते कधी मान्य केलं नाही. त्या एप्रिलनंतर नवं सरकार आलं आणि १९७४ च्याच डिसेंबरात पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व कराराने मान्य केलं. आजोबा मुक्तीलढ्यात तुरुंगात होते. मी त्या चौकात उभा राहून घरी फोन लावला आणि बाबांना सांगितलं, मी कुठे उभा आहे ते. बराच वेळ कोणीच बोललं नाही.

शब्दांच्या यादीत कोंकणीची भर घालतो: खिडकीला आम्ही जनेल म्हणतो, त्यांचं 'जनेला'. खुर्ची कदेल, चमचा कुलेर, काटा गार्फ. तिथल्या कॅफेत बसून मी मनातल्या मनात कोंकणीतच मागवत होतो. आणि काउंटरवर काचेमागे काय असतं? 'शामुसा'! आपला सामोसा. गोव्यामार्गे तिकडे गेलेला आणि आता तिथल्या रोजच्या नाश्त्याचा झालेला. बहुतेक ठिकाणी आत मांस असतं, शाकाहारी लोकांनी विचारून घ्यावं.

---

माडाची_सावली

@मांडवीतीर, @बावखल, दोन्ही वाचून डोळे भरले. कार्मोच्या चौकात मी जाकारांडाच्या झाडाखाली बसून पाणी प्यायले आणि उठून गेले. ती तबकडी दिसली नाही. न ठरवता फिरण्याची ही बाजू आहे, ती मोकळेपणाने मान्य करते. माहीत नसलं की मोठी गोष्ट पायाखालून निघून जाते. पुन्हा जायचा योग आला तर आधी वाचून जाईन, मग नकाशा पिशवीत टाकेन.

---

गोदाकाठ

मंगळवारी आणि शनिवारी सांता क्लाराच्या मैदानावर जुना बाजार भरतो, 'फैरा दा लाद्रा'. तिथे जुन्या निळ्या-पांढऱ्या फरशा मिळतात असं ऐकलंय. घराच्या ओट्याला लावायला आणाव्यात का? कोणी आणल्या आहेत?

---

तेजोकाठची

@गोदाकाठ, बाजार जरूर बघा, फरशा मात्र घेऊ नका. त्यांना 'अझुलेजू' म्हणतात. बऱ्याच जुन्या फरशा घरांच्या दर्शनी भिंतींवरून उचकटून चोरलेल्या असतात. अल्फामात फिरताना भिंतीवर मधूनच चौकोनी उघडे डाग दिसतील, ते त्याचेच. २०१७ पासून दर्शनी भिंतींवरच्या फरशा काढण्यावर कायद्याने बंधन आहे. हवी तर नवी, हाताने रंगवलेली घ्या, करणारे कारागीर आहेत.

त्या मैदानाशेजारी पांढऱ्या घुमटाची मोठी इमारत आहे, सांता एंग्रासिया, आता राष्ट्रीय स्मारक. सतराव्या शतकात सुरू झालेलं काम १९६६ ला पुरं झालं. म्हणून न संपणाऱ्या कामाला इथे 'सांता एंग्रासियाचं काम' म्हणतात. माझ्या ऑफिसात आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं.

---

घाटवाट

चप्पल-बुटाबद्दल कोणीतरी लिहा. दर शनिवार-रविवार सह्याद्रीत असतो, तरी तिथल्या गुळगुळीत फरसबंदीवर दोनदा घसरलो. पाऊस फार नव्हता, नुसती भुरभुर.

---

तेजोकाठची

चुनखडीचे छोटे दगड आहेत, शतकभराच्या पायांनी काचेसारखे झालेत. ओल आली की घसरतात. मऊ रबराच्या तळव्याचे बूट, चामड्याचा तळवा अजिबात नको. उतारावर कडेच्या ट्रामच्या रुळांवर पाय देऊ नका. २८ नंबरची पिवळी ट्राम सुंदर आहे, पण गर्दीत खिसे कापतात, पाकीट पुढच्या बाजूला ठेवा. तीच वाट पायी उतरलात तर जास्त दिसतं.

आणि हॉटेलात बसल्या-बसल्या पाव, चीज, ऑलिव्ह आणून ठेवतात, ते फुकट नसतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा, कोणी वाईट मानत नाही.

---

गोदाकाठ

धन्यवाद, फरशांचा विचार सोडला. शेवटचा प्रश्न. आई ७८ वर्षांची आहे, काठी घेऊन चालते. तिने आयुष्यभर भूगोल शिकवला, लिस्बनचा भूकंप तिच्या आवडीचा विषय. पुढच्या मे महिन्यात तिला न्यायचं मनात आहे. असं शहर तिला झेपेल का? तिला गाडीतून दाखवून परत आणायचं नाहीये.

---

तेजोकाठची

झेपेल. सकाळी लवकर नदीकाठच्या चौकातून सुरू करा, तिथून रोसियोपर्यंत बाइशा पूर्ण सपाट आहे, आणि भूकंपानंतरचं शहर म्हणजे तेच. अधेमधे कॅफे आहेत, दर दहा मिनिटांनी बसता येतं. किल्ल्याकडे वर जायचं तर रुआ दुश फांकैरुशवर एका इमारतीत सार्वजनिक लिफ्ट आहे, पैसे पडत नाहीत. ती वर रुआ दा मादालेनाला सोडते. थोडं चाललं की पुढे बाजाराच्या जुन्या इमारतीत दुसरी लिफ्ट, तीही मोफत. अर्धी टेकडी अशी चढून होते. किल्ल्याच्या आतली जमीन खडबडीत आहे, तिथे काठीला त्रास होईल. त्याऐवजी सांता लुझियाच्या मिरादोरूवर बसा. बाहेरच्या भिंतीवर निळ्या फरशांच्या चित्रात भूकंपापूर्वीचा राजवाड्याचा चौक आहे. सकाळी ज्या चौकात उभ्या होत्या, तो आधी कसा होता, ते आईंना तिथे दिसेल.

कार्मोला टॅक्सीने जा, चौकातच उतरता येतं. आत छत नसलेल्या भागात जमीन सपाट आहे.

तारखा ठरल्या की इथे निरोप टाका. एक दिवस मी सुट्टी घेते, आईंबरोबर मी चालेन. रात्री जेवायला माझ्याकडे या, मोरारियातून कोथिंबीर आणि मेथी आणून ठेवते.